टेलिकन्व्हर्टर आणि टेलिफोटो लेन्स : कोणती जोडी जुळते आणि कोणती जुळत नाही?

चातक (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे कॅननचा ईओएस आर६ मार्क २ हा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि आरएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ ही लेन्स आहे. ही २०१९ साली आलेली, झूम करताना जिची नळी पुढे सरकते ती आवृत्ती. व्यक्तिचित्रे आणि समारंभ यांसाठी घेतलेली ही लेन्स आता पक्ष्यांसाठी वापरू लागल्यावर २०० मिमी फारच अपुरे पडत आहेत. कॅननचा आरएफ १.४ पट किंवा २ पट एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये लावायच्या टेलिकन्व्हर्टरचे कॅननने ठेवलेले नाव) घेऊन हीच लेन्स २८० किंवा ४०० मिमीपर्यंत नेता येईल, असा माझा विचार आहे. दोन्ही वस्तू एकाच कंपनीच्या आणि एकाच माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीच्या, इथे आरएफच्या) असल्यामुळे त्या जुळण्यात अडचण नसावी, असे मी गृहीत धरतो आहे. दोहोंपैकी कोणता घ्यावा, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

शिक्रा

चातक, आपले गृहीतकच तपासून पाहावे लागेल. आपली लेन्स कॅननच्या कोणत्याही आरएफ एक्स्टेंडरला जोडता येत नाही. आरएफ ७०-२०० मिमी एफ/४ ही लेन्सही जोडता येत नाही. २०२४ साली आलेल्या ७०-२०० मिमी एफ/२.८ च्या 'झेड' आवृत्तीला मात्र दोन्ही एक्स्टेंडर चालतात. ती झूम करताना लांब होत नाही आणि तिच्या मागच्या बाजूला आवश्यक तेवढी पोकळी आहे. खरेदी करण्याआधी विचारलेत, हे उत्तम झाले.

चातक

हे अनपेक्षित आहे. माउंट तोच असताना असे का व्हावे? विजेचे संपर्कबिंदू जुळत नाहीत, की कंपनीने सॉफ्टवेअरमधून अडवले आहे?

काचबिंदू

दोन्ही नाही. अडचण निव्वळ काचेची आणि जागेची आहे. ती थोडी विस्ताराने मांडतो, कारण हे एकदा ध्यानात आले की कोणत्याही कंपनीच्या सुसंगततेच्या तक्त्याचा अर्थ आपोआप लागू लागतो.

लेन्समधून बाहेर पडणारा प्रकाश शंकूच्या आकारात निमुळता होत सेन्सरवर एकवटतो. टेलिकन्व्हर्टर म्हणजे या शंकूच्या वाटेत, टोक गाठण्याआधी, ठेवलेला अपसारी भिंगांचा गट. तो शंकूचा निमुळतेपणा कमी करतो, त्यामुळे प्रतिमा थोडी मागे आणि आकाराने मोठी तयार होते. हे साधायचे तर भिंगांच्या त्या गटाला शंकूत पुरेसे पुढे जाऊन उभे राहावे लागते. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांत माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर भरपूर असे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिमी आणि निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी आहे. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत हेच अंतर आरएफमध्ये २० मिमी, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आणि निकॉनच्या झेड माउंटमध्ये अवघे १६ मिमी उरले. इतक्या अरुंद जागेत टेलिकन्व्हर्टरची काच मावत नसल्यामुळे ती नाकासारखी पुढे काढून थेट लेन्सच्या पोटात शिरवावी लागते. म्हणजे ज्या लेन्सच्या मागच्या बाजूला हे नाक सामावण्याइतकी पोकळी शिल्लक आहे, तिलाच हा टेलिकन्व्हर्टर बसणार.

आता आपल्या लेन्सची मागची बाजू पाहा. ती आटोपशीर व्हावी म्हणून तिची शेवटची काच माउंटजवळ आणून ठेवली आहे. तिला एक्स्टेंडर लावायला गेल्यास काचेवर काच आदळेल. तेव्हा सुसंगतता ठरते ती लेन्सच्या पाठीमागे. कॅमेऱ्याचे नाव, कंपनीचे नाव आणि माउंटचे नाव यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

याच नियमाचा एक अर्धवट अपवादही कॅननकडे आहे. आरएफ १००-५०० मिमी एफ/४.५-७.१ या लेन्सला दोन्ही एक्स्टेंडर बसतात, मात्र झूमची कडी ३०० मिमीच्या पुढे नेल्यावरच. ३०० मिमीच्या अलीकडे तिचा मागचा गट माउंटजवळ येतो आणि पोकळी बुजते. म्हणून १.४ पट लावल्यावर ती लेन्स ४२०-७०० मिमी एफ/८-१० अशी होते, आणि २ पट लावल्यावर ६००-१००० मिमी एफ/११-१४ अशी. झूमचा पहिला मोठा भाग आपण गमावून बसतो. माझ्या मते ही गोष्ट तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत न देता सर्वांत वर ठळकपणे द्यायला हवी. आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ आणि आरएफ २००-८०० मिमी एफ/६.३-९ या लेन्सना अशी मर्यादा नाही. त्यांची संपूर्ण झूम श्रेणी एक्स्टेंडरसह वापरता येते.

दूरवेध

मी निकॉन झेड वापरतो. झेडचे १.४ आणि २ पट असे दोन टेलिकन्व्हर्टर २०२० साली आले आणि त्यांचीही रचना पुढे आलेल्या नाकाचीच आहे. ७०-२०० एफ/२.८, १००-४००, १८०-६००, ४०० एफ/४.५, ६०० एफ/६.३ आणि ८०० एफ/६.३ या लेन्सना ते चालतात. जुनी एफ माउंटची लेन्स एफटीझेड अडॅप्टरने लावणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. झेडचा टेलिकन्व्हर्टर अडॅप्टर आणि कॅमेरा यांच्यामध्ये लावता येत नाही. अशा वेळी आधी लेन्स, मग तिचाच जुना एफ माउंटचा टेलिकन्व्हर्टर, मग अडॅप्टर आणि शेवटी कॅमेरा, असा क्रम ठेवावा लागतो. कॅननच्या ईएफ लेन्सबाबतही हाच क्रम आहे.

सोनीच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर ७०-२०० जीएमच्या दोन्ही आवृत्त्या, १००-४०० जीएम, २००-६०० जी आणि ३००, ४००, ६०० मिमीच्या मोठ्या जीएम लेन्स यांना सोनीचे टेलिकन्व्हर्टर चालतात. ई माउंटच्या इतर कंपन्यांच्या टेलिफोटो लेन्सना ते चालत नाहीत. सिग्माची १५०-६०० मिमी डीजी डीएन स्पोर्ट्स हे याचे बोलके उदाहरण आहे. तीच लेन्स एल माउंटमध्ये घेतल्यास सिग्माचे स्वतःचे टेलिकन्व्हर्टर तिला लागतात, ई माउंटमध्ये घेतल्यास लागत नाहीत. तेव्हा दुसऱ्या कंपनीची लेन्स 'पुढे कधीतरी टेलिकन्व्हर्टर लावू' अशा हिशेबाने घेणाऱ्यांनी तीच आवृत्ती, त्याच माउंटमध्ये तपासून घ्यावी.

तिपाई

माझे मत जरा वेगळे आहे. टेलिकन्व्हर्टर ही मुळात गरज नसलेली वस्तू आहे. १.४ पटाने एक स्टॉप (म्हणजे निम्मा) प्रकाश जातो, २ पटाने दोन स्टॉप जातात, ऑटोफोकस मंदावतो आणि वर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) चित्र मऊ पडते. त्यापेक्षा साध्या लेन्सने छायाचित्र काढावे आणि नंतर संगणकावर कापून घ्यावे. आजच्या सेन्सरना ते सहज झेपते.

काचबिंदू

तिपाई, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी प्रकाश आणि विवर्तन यांबाबतचे दोन मुद्दे मला तपासून पाहावेसे वाटतात.

४०० मिमी एफ/५.६ लेन्सचे प्रभावी छिद्र (फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा) सुमारे ७१ मिमी व्यासाचे असते. तिला १.४ पट लावल्यावर ती ५६० मिमी एफ/८ होते आणि ५६० भागिले ८ म्हणजे ७० मिमी. पूर्णांकांतला फरक सोडला तर छिद्र तेच राहिले. याचा अर्थ पक्ष्याकडून लेन्समध्ये येणारा एकूण प्रकाश जवळजवळ बदललेला नाही, तो फक्त सेन्सरच्या दुप्पट क्षेत्रफळावर पसरला आहे. आपण आयएसओ एक स्टॉप वाढवतो हे खरे, पण कापून काढलेले चित्र त्याच आकारात पाहण्यासाठी जास्त मोठे करावे लागते आणि त्यातला नॉइजही (दाणेदारपणा) तितकाच मोठा होतो. एकाच शटर स्पीडवर काढलेली दोन्ही चित्रे सारख्या आकारात शेजारी ठेवली, तर नॉइज साधारण बरोबरीत सुटतो. विवर्तनाचेही तसेच आहे. एफ/८ ला विवर्तनाची चकती एफ/५.६ पेक्षा १.४ पट मोठी होते, पण पक्षीही १.४ पट मोठा झालेला असतो.

मग खरा फरक कशात आहे? पिक्सेलच्या संख्येत. २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून १.४ पटाइतके कापले तर सुमारे १२ मेगापिक्सेल उरतात आणि २ पटाइतके कापले तर ६. टेलिकन्व्हर्टर लावल्यास पूर्ण २४ मेगापिक्सेल हाती राहतात. ते जादा पिक्सेल खऱ्या तपशिलाने भरतील की नुसत्या मऊपणाने, हे लेन्सवर ठरते. टेलिकन्व्हर्टर चित्राबरोबर लेन्सचे दोषही मोठे करतो, त्यामुळे जिच्यात मुळात तपशील शिल्लक आहे अशाच लेन्सकडून तो काही काढून घेऊ शकतो.

सेन्सरचाही हिशेब यात येतो. आर६ मार्क २ चा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा, आर५ चा ४.४ आणि आर७ चा ३.२ मायक्रॉनचा आहे. एफ/७.१ ला हिरव्या प्रकाशाची विवर्तन-चकती साधारण ९.५ मायक्रॉन रुंद असते. आर७ मध्ये ती चकती आधीच तीन पिक्सेलांवर पसरलेली असते, म्हणजे लेन्स देऊ शकते त्यातले बरेचसे तो सेन्सर टिपून घेतोच. तिथे टेलिकन्व्हर्टर लावून मिळणारी भर थोडी असते आणि आपला सल्ला तिथे अगदी योग्य ठरतो. चातक यांच्या मोठ्या पिक्सेलांच्या कॅमेऱ्यावर मात्र चांगल्या लेन्सला १.४ पट लावण्याचा फायदा स्पष्ट दिसेल.

तिपाई

छिद्राचा हिशेब पटला. पण ऑटोफोकसचे काय? तो तर छायाचित्र काढण्याच्या क्षणीच लागतो, नंतर संगणकावर मिळवता येत नाही.

शिक्रा

याबाबतीत मी आपल्या बाजूने आहे. ऑटोफोकस मंदावणे हा या जोडणीचा सर्वांत कमी चर्चिला जाणारा तोटा आहे. कॅननच्या ईएफ मालिकेत तर १.४ पट लावल्यावर लेन्सच्या फोकसचा वेग ५० टक्क्यांनी आणि २ पट लावल्यावर ७५ टक्क्यांनी मुद्दामच कमी केला जातो, जेणेकरून फोकस नेमका बसावा. बसलेल्या पक्ष्याला त्याने काही फरक पडत नाही, परंतु झेप घेणाऱ्या पक्ष्यासाठी तो निर्णायक ठरतो.

आरशाच्या कॅमेऱ्यांत दुसरी मर्यादाही होती. बहुतेकांचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच खात्रीने चाले. एफ/८ ला तो देणारे कॅमेरे थोडे होते आणि त्यांतही मोजकेच बिंदू चालत. कॅननच्या ५डी मार्क ३ ला ही सोय २०१३ च्या फर्मवेअरने मिळाली, तीही मधल्या बिंदूपुरती. निकॉन डी५०० च्या १५३ बिंदूंपैकी एफ/८ ला १५ चालतात. त्यामुळे निकॉन २००-५०० एफ/५.६ ला १.४ पट लावून ७०० मिमी एफ/८ करणे डी५०० वर शक्य असले, तरी पक्षी चौकटीच्या कडेला गेला की अडचण येते. मिररलेस कॅमेरे सेन्सरवरूनच फोकस करत असल्याने ही भिंत बरीच मागे सरकली आहे. आर५ आणि आर६ तर एफ/२२ लाही फोकस करतात. तरीही आरएफ ६०० आणि ८०० मिमी एफ/११ या लेन्स त्यांना लावल्या की फोकसचे क्षेत्र चौकटीच्या मध्यभागापुरते आक्रसते. कॅमेरा फोकस करू शकतो आणि कमी उजेडात वेगाने करू शकतो, ही दोन वेगळी विधाने आहेत.

माझा व्यवहारातला ठोकताळा असा आहे. ३०० एफ/२.८, ४०० एफ/२.८ किंवा ६०० एफ/४ अशा मोठ्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सना दोन्ही टेलिकन्व्हर्टर निःशंकपणे लावावेत. ७०-२०० एफ/२.८ ला १.४ पट उत्तम आणि २ पट चालण्याजोगा. जिचे टोक एफ/५.६ ला संपते तिला फक्त १.४ पट. आणि जी मुळातच एफ/६.३ किंवा त्याहून मंद आहे तिला फक्त लख्ख उन्हात, तेही बसलेल्या पक्ष्यासाठी.

जुनाकॅमेरा

उत्तम चर्चा. माझा प्रश्न थोडा मागच्या काळातला आहे. माझ्याकडे निकॉनची हाताने फोकस करायची ३०० मिमी एफ/४.५ एआय-एस लेन्स आहे आणि तिच्यासोबत टीसी-२०१ हा २ पट टेलिकन्व्हर्टर मिळत आहे. ही जोडी घ्यावी काय?

काचबिंदू

घेऊ नये. त्या काळी निकॉन प्रत्येक वाढीचे दोन टेलिकन्व्हर्टर काढत असे, एक आखूड लेन्ससाठी आणि एक लांब लेन्ससाठी. टीसी-२०१ हा २०० मिमीपर्यंतच्या लेन्ससाठी होता आणि टीसी-३०१ हा ३०० मिमी व त्याहून लांब लेन्ससाठी. १.४ पटात टीसी-१४ए आणि टीसी-१४बी अशी हीच विभागणी होती. आखूड आणि लांब लेन्समधून शंकू वेगवेगळ्या कोनाने बाहेर पडत असल्यामुळे एकच काच दोघींना सारखा न्याय देऊ शकत नसे. लांब लेन्ससाठीच्या टीसी-३०१ ची पुढची काच बाहेर आलेली असल्याने तो आखूड लेन्सना बसतही नाही. टीसी-२०१ आपल्या लेन्सला बसेल, पण केवळ बसतो एवढ्यावर जोडी ठरवू नये.

आपल्यासाठी टीसी-१४बी शोधावा, असे मी सुचवेन. ४२० मिमी एफ/६.३ हाती येईल. २ पटाने ६०० मिमी एफ/९ होते आणि आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस डोळ्याने ताडणे फार कठीण जाते. मिररलेस कॅमेऱ्याला अडॅप्टरने लावून चित्र मोठे करून फोकस करणार असाल तर गोष्ट वेगळी.

पाऊलवाट

केन्कोच्या टेलिप्लसबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारते. त्याच्या प्रो ३०० मालिकेची पुढची काच बाहेर येत नाही, त्यामुळे कंपनीच्या तक्त्यात नसलेल्या अनेक ईएफ आणि एफ माउंटच्या लेन्सनाही तो बसतो. मग तो सर्वांत सोपा मार्ग नव्हे काय?

शिक्रा

बसण्यापुरता नक्कीच. कॅननच्या ईएफ ७०-३०० सारख्या लेन्सना कॅननचे एक्स्टेंडर बसतच नाहीत, तिथे अशा टेलिकन्व्हर्टरचाच पर्याय उरतो. परंतु त्या लेन्सचे टोक एफ/५.६ ला संपते. १.४ पटाने ते एफ/८ होते आणि आरशाच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर वर सांगितलेल्या मर्यादेत अडकते. शिवाय काही स्वतंत्र टेलिकन्व्हर्टर कॅमेऱ्याला आपले अस्तित्व कळवत नाहीत. तेव्हा छायाचित्राच्या नोंदीत फोकल लेंग्थ चुकीची उमटते आणि कंपन रोखणारी यंत्रणाही कमी फोकल लेंग्थ धरून काम करते. घेण्यापूर्वी एक छायाचित्र काढून त्याची नोंद पाहिली की हे लगेच कळते.

दुसरी एक युक्ती ऐकायला मिळते, ती म्हणजे लेन्स आणि एक्स्टेंडर यांच्यामध्ये १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावायची. तिच्यामुळे नाकाला जागा मिळते, मात्र लेन्स अनंतावर फोकस होत नाही. जवळच्या फुलपाखरांसाठी ती चालेल, दूरच्या पक्ष्यांसाठी नाही.

दूरवेध

ज्यांना जुळवाजुळवीच नको आहे त्यांच्यासाठी कंपन्यांनी टेलिकन्व्हर्टर लेन्सच्या आतच बसवले आहेत. कॅननची ईएफ २००-४०० एफ/४ २०१३ साली आली, निकॉनच्या झेड ४०० एफ/२.८ आणि ६०० एफ/४ या दोन्ही २०२२ साली. खटका फिरवला की १.४ पट मध्ये येतो, लेन्स काढावी लागत नाही आणि धूळही आत जात नाही. निकॉनची २०१३ ची ८०० मिमी एफ/५.६ तर त्याहून पुढे गेली होती. तिच्यासोबत १.२५ पट टेलिकन्व्हर्टर येत असे आणि तो त्याच लेन्सच्या नगाशी जुळवून दिलेला असे. जोडी जुळवणे याचा यापेक्षा काटेकोर अर्थ मला माहीत नाही.

चातक

सर्वांचे आभार. आता माझ्यासमोर तीन मार्ग दिसतात. ७०-२०० बदलून तिची 'झेड' आवृत्ती घ्यावी आणि २ पट लावावा, आरएफ १००-५०० घेऊन तिला १.४ पट लावावा, किंवा आरएफ २००-८०० घ्यावी. मुख्य विषय पाणथळ जागेतले पक्षी आणि अधूनमधून चतुर व फुलपाखरे.

काचबिंदू

पहिल्या मार्गाने १४०-४०० मिमी एफ/५.६ मिळेल. ज्याला एफ/२.८ ची नित्य गरज आहे आणि पक्षी हा जोडधंदा आहे, त्याच्यासाठी तो ठीक आहे. आपला कल उलटा दिसतो.

उरलेल्या दोहोंचा हिशेब सरळ मांडू. १००-५०० ला १.४ पट लावल्यावर टोकाला ७०० मिमी एफ/१० मिळतात. २००-८०० कोणत्याही मदतीशिवाय ८०० मिमी एफ/९ देते, म्हणजे जास्त लांब आणि एक तृतीयांश स्टॉप उजळ. टेलिकन्व्हर्टर कायम लावूनच ठेवावा लागणार असेल, तर आपण आखूड लेन्स निवडली असा त्याचा अर्थ होतो. पाणथळ जागेतले पक्षी दूर असतात, त्यामुळे बहुतेक वेळ ७०० मिमी लागणार असतील तर २००-८०० घ्यावी. तिचे वजन सुमारे २ किलो आहे, १००-५०० चे तिपाईची कडी सोडून १.३७ किलो. दिवसभर हातात धरून फिरणाऱ्याला हा फरक जाणवतो.

चतुर आणि फुलपाखरे यांच्यासाठी मात्र तराजू दुसरीकडे झुकतो. टेलिकन्व्हर्टरने लेन्सचे सर्वांत जवळचे फोकसचे अंतर बदलत नाही, प्रतिमा मात्र मोठी होते. १००-५०० ही ५०० मिमीला ०.३३ पट प्रतिमा देते, १.४ पट लावल्यावर तीच सुमारे ०.४७ होते. कीटक न बुजता इतक्या जवळून टिपण्याची सोय फार थोड्या लेन्समध्ये आहे.

तिपाई

दोन्हींपैकी काहीही घेतले तरी चाचणी स्वतः करावी, एवढेच सुचवतो. बारीक अक्षरांचा छापील कागद आपण नेहमी पक्षी टिपतो तितक्या अंतरावर लावावा, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि तीन छायाचित्रे काढावीत. एक नुसत्या लेन्सने, एक टेलिकन्व्हर्टर लावून पूर्ण उघड्या छिद्राने आणि एक टेलिकन्व्हर्टर लावून एक स्टॉप छिद्र मिटवून. पहिले चित्र तेवढ्याच पटीने मोठे करून बाकी दोहोंशी ताडून पाहावे. ही चाचणी सकाळी थंड हवेत करावी, कारण तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा ७०० मिमीला इतकी थरथरते की तिचा दोष लोक टेलिकन्व्हर्टरच्या माथी मारतात. आरशाचा कॅमेरा असेल तर फोकसची सूक्ष्म जुळवणी नुसत्या लेन्ससाठी वेगळी आणि जोडीसाठी वेगळी करावी.

चातक

१००-५०० कडे माझा कल झुकला आहे. पक्षी थोडे लहान दिसले तरी चालतील, चतुर सोडवत नाहीत. एक शेवटची शंका आहे. एक्स्टेंडर लावलेल्या अवस्थेत ही लेन्स पिशवीत ठेवता येते का?

शिक्रा

ठेवता येते, मात्र पिशवी लांब हवी. एक्स्टेंडर लावलेला असताना कडी ३०० मिमीच्या मागे येत नाही, म्हणून लेन्स पूर्ण मिटत नाही आणि पुढे आलेल्या नळीसकट ठेवावी लागते. एक्स्टेंडर वेगळा ठेवणार असाल, तर लावतेवेळी आधी झूम ३०० मिमीच्या पुढे न्यावा आणि मगच तो बसवावा. काढतानाही आधी एक्स्टेंडर काढून घ्यावा आणि त्यानंतर लेन्स मिटावी.